बयाक्का, तुला विचारायचं राहिलं

बयाक्का, तू गेलीस हे सांगायला तुझी हिरू मंगळवारी कचेरीत आली. माझ्या टेबलापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "आई गेली. तुमास्नी सांगून ये म्हणलीती." मला आधी कळेचना. म्हटलं, कोण म्हणालं? तर म्हणते, "आईच की. जायच्या आदी दोन दिस. म्हणली, त्या कारकुनाला कागदावरनं कळाय नगो, तोंडानं सांग." मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. शेजारचे दोघं लेखण्या थांबवून माझ्याकडं बघत राहिले. साहेब आले तरी मी अर्धाच उठतो, हे त्यांना ठाऊक आहे.

तुझं वय काय होतं, मला माहीत नाही. एकदा विचारलं होतं, तर "तुला पायजे तेवढं लिव" म्हणालीस, आणि मीही मला पाहिजे तेवढं लिहिलं. तेव्हा ते जाऊ दे. गेले तीन दिवस कचेरीतून आलो की मी घरात नुसत्या येरझारा घालतोय. शेवटी आमची मंडळी वैतागून म्हणाली, "अहो, लिहून तरी टाका. त्याच्यापलीकडं तुम्हाला येतंय काय?" बरोबर आहे तिचं. सगळं आयुष्य लिहिण्यात गेलं, आणि तुझ्याबद्दल पहिल्यांदा जे लिहिलं ते धडधडीत खोटं.

संस्थान विलीन झालं आणि आमच्या कचेरीत नव्या याद्यांचा नुसता धुरळा उडाला. दरबारच्या काळचे कागद काढायचे, नव्या तक्त्यांत उतरवायचे, आणि प्रत्येक नावाला जागेवर जाऊन विचारायचं, असा हुकूम. गगनबावड्याच्या डोंगरातले धनगरवाडे माझ्या वाट्याला आले. कुणाला कुठल्या रानात जनावरं चारायची, कुणी कुठली हिरड्याची झाडं झोडायची, ती हक्काची यादी. तुमच्या वाड्यावर हिरड्याची झाडं बायकांची. आईची झाडं लेकीला. हे मला फार नंतर कळलं, कारण मी वाड्यावर गेलोच नव्हतो.

का गेलो नाही तेही सांगतो, आता तुझ्यापुढं कसली अब्रू राखायची! पावसाळा चालू होता. आमचा शिपाई आदल्या दिवशी वर जाऊन आला होता, आणि चावडीच्या पायरीवर बसून पायाच्या जळवा ओढत होता. बोटाएवढ्या जळवा, आणि रक्ताचे ओघळ. ते बघून मी छत्री परत कोपऱ्यात ठेवली. मग खाली चावडीतच बसलो, चहा मागवला, आणि गावचा पाटील तोंडानं सांगेल तशी नावं उतरवत गेलो. सगळेच असं करायचे. तुझं नाव आलं तसा पाटील म्हणाला, "ती व्हय? तिनं खालचा दादला केलाता. घाटाच्या रस्त्याच्या कामाला आलेला कोणतरी कुरुंदवाडकडचा. त्यो मेला, तशी आली परत पोर घिऊन." नव्या नियमात कलम होतंच : वाड्याबाहेर लग्न केलेल्या स्त्रियांची नावं कमी करावीत. मी ओळीवर रेघ मारली आणि पुढं माझ्या झोकदार अक्षरात लिहिलं, 'बाई समक्ष हजर. विचारले. नाव कमी करणेस हरकत नाही.'

तू समक्ष हजर कुठली असायला! तू तेव्हा वर जनावरांमागं असशील. पण आमच्यात ते वाक्य नावाला जोडूनच यायचं. हात आपोआप लिहायचा. खोटं लिहितोय असं मला वाटलंही नाही, आणि हेच मला आज सगळ्यात वाईट वाटतं.

मग हिरड्याच्या दिवसांत जंगलच्या गार्डानं तुला झाडाखाली अडवलं. म्हणाला, तुझं नाव यादीत नाही. तू म्हणालीस, कुणी काढलं? तो म्हणाला, तूच हरकत नाही म्हणालीस, कागद आहे. पुढं हे सांगताना तू दरवेळी पदर तोंडाला लावून हसायचीस. "मला वाटलं, मी झोपंत बोललो का काय! माजीच झाडं, आन मीच सांगितलं की घिऊन जावा?" पण त्या दिवशी तू हसली नसशील. पदरात दहा वर्षांची हिरू, नवरा गेलेला, भाऊ आपल्या संसारात. ती झाडं गेली असती तर तुला वाड्यावर कशाच्या जिवावर राहायला मिळालं असतं? भावाच्या दारात पाणीच भरावं लागलं असतं.

दुसऱ्या बाईनं नशिबाला बोल लावला असता. तू लोण्याचं मडकं डोक्यावर घेऊन कोल्हापूर गाठलंस. ज्या वकिलांच्या घरी तुझं लोणी जायचं, त्यांच्या माजघराऐवजी थेट बैठकीत जाऊन बसलीस. वकील नवे होते, घटना नवी होती, आणि दोन्ही वापरून बघायची त्यांना हौस. त्यांनी तुला चौदावं आणि पंधरावं कलम समजावून दिलं. कायद्यापुढं सगळे सारखे, आणि बाई म्हणून कुणाला वेगळं वागवायचं नाही. तुला ते इतकं पटलं की पुढं एकदा बावड्याच्या बसमध्ये कंडक्टरनं तुझं मडकं टपावर टाक म्हटल्यावर तू त्यालाही म्हणालीस, "चौदावं कलम हाय!" कंडक्टर घाबरून गप बसला. हे मला वकिलांनीच सांगितलं, आणि मी दोन दिवस हसत होतो.

सुनावणीच्या दिवशी मात्र मला हसू येत नव्हतं. साहेबांच्या खोलीत मी उभा. वकील म्हणाले, "कारकूनसाहेब, बाई समक्ष हजर असं आपण लिहिलंत. बाहेर व्हरांड्यात वाड्यावरच्या पाच बायका बसल्यात. त्यातली समक्ष हजर कोण होती, तेवढी दाखवा." साहेब उठले, मी त्यांच्या मागं. पाच जणी भिंतीला टेकून बसलेल्या, पाचही माझ्याकडं बघतायत. मी मनाशी हिशेब केला, जिचं घोंगडं सगळ्यात जाड आणि जिचे हात हिरड्यानं सगळ्यात काळे, तीच असणार खरी वाड्यावरची. केलं बोट. आणि पाचही जणी फिदीफिदी हसायला लागल्या.

अगं, जिच्याकडं मी बोट केलं तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं! विधवेच्या नावावर रेघ मीच मारलेली, आणि मला एवढं मोठं कुंकू दिसलं नाही. घाबरलेल्या माणसाला दुसरं काय होणार. हसणं थांबल्यावर तू उठलीस, पदर खोचलास आणि मला म्हणालीस, "पावणं, ती माजी भावजय हाय." मग साहेबांकडं वळलीस. मला तुझा शब्दन् शब्द पाठ आहे.

"सायब, ती खालच्या गावची हाय. माज्या भावानं करून आणली. तुमच्या यादीत ती वाड्याची. आन मी? मी ह्याच वाड्यावर जल्मलो, हितंच वाडलो. खालचा दादला केला, तर मी खालची झालो. बाईला दादल्याच्या मागनं मोजतासा, मग बाप्याला बायकूच्या मागनं का मोजत न्हाईसा?"

वकिलांनी तासभर बोलायची तयारी केली होती. त्यांनी कागद मिटून ठेवले.

साहेबांनी मला विचारलं, "खरं सांगा. वर गेला होता?" पंख्याची दोरी ओढणारासुद्धा थांबला. मी म्हटलं, "नाही साहेब." मला वाटलं, गेली नोकरी. घरी काय सांगायचं ते मी मनात जुळवायलाही लागलो होतो. तेवढ्यात तूच म्हणालीस, "त्येला काढू नगासा. त्येला वर धाडा. चालत. सगळ्यास्नी इचारून येऊ दे." तू माझ्यावर दया केलीस की सूड उगवलास, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुतेक दोन्ही.

साहेबांनी निकाल दिला. बाईला विचारलेलं नाही, म्हणून नाव कमी करणं रद्द, नाव पूर्ववत लावावं. पण नियम वरचा आहे, तो मोडायचा अधिकार मला नाही, वर लिहून कळवतो. पायऱ्या उतरताना तू वकिलांना विचारलंस, "म्हंजे जितलो का हरलो?" वकील म्हणाले, "आक्का, अर्धं जिंकलो." तू जागेवर थांबलीस. "आन ऱ्हायल्यालं अर्धं कुटं ठेवलंय?"

त्या पंधरवड्यात मी वर आलो. पाऊस होता, जळवा होत्या, सगळं होतं. तुझ्या दारात पोचेपर्यंत माझं धोतर रक्तानं भिजलं होतं. तू मला दगडावर बसवलंस, चुन्याचं बोट लावून एकेक जळू सोडवलीस, आणि तोंड चालूच, "कारकुनाचं रगात लई ग्वाड दिसतंय, बसून बसून मुरल्यालं!" मग ताक दिलंस, नाचणीची भाकरी दिलीस, आणि मला घरोघर फिरवलंस. मी पुरुषाला विचारायला लागलो की तू मध्येच म्हणायचीस, "त्येला नगो. तिला इचार." आणि बाई म्हणायची, "मला? मला काय कळतंय, ह्यास्नी इचारा." तू तिच्या अंगावर ओरडायचीस, "ह्यास्नी कशाला? सरकार तुला इचारतंय न्हवं! बोल की!"

पलीकडच्या टेकावरच्या म्हातारीची आठवण आहे ना? तिला मी म्हटलं, आजी, तुमची झाडं कुठली? ती उठून सरळ आत गेली. मला वाटलं रागावली. बऱ्याच वेळानं बाहेर आली ती तोंड धुऊन, केस सारखे करून, धुवट लुगड्याचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "हं. आता इचार." तोवर मला वाटायचं विचारणं म्हणजे रकाना भरणं. त्या म्हातारीला आयुष्यात पहिल्यांदा कुणी काही विचारत होतं, आणि ती त्यासाठी नटून आली होती. बयाक्का, मी त्यानंतर माणूस न बघता एकदाही 'समक्ष' हा शब्द लिहिलेला नाही. हे तुझं देणं आहे, आणि ते माझ्या पोरांनाही मी सांगून ठेवलंय.

पण आपलं भांडण मिटलं नाही ते नाहीच. त्याच फेरीत तू मला आणखी दोघी दाखवल्यास, तुझ्यासारख्याच, बाहेर लग्न झालेल्या आणि परत आलेल्या. म्हणालीस, "ह्यांचीबी नावं काटलीसा. लाव परत." मी म्हटलं, त्यांनी अर्ज द्यायला पाहिजे, तू दिलास तसा. तू कमरेवर हात ठेवलेस. "चूक कुणाची?" म्हटलं, कचेरीची. "मग अर्जी त्यांनी का द्यायची?"

मी तुला समजावून सांगितलं की अर्जाशिवाय आमच्यात पान हलत नाही. प्रत्येकीनं आपला अर्ज, आपली सुनावणी, अशीच रीत आहे. तू म्हणालीस, "म्हंजे तू चुकायचं कचेरीत बसून, आन आमी सुदरायचं कोल्हापूरला चालत येऊन." मला राग आला. खरं सांगतो, फार राग आला. मी जळवा सोसून वर आलो, नोकरी पणाला लागली होती, आणि हिचं आपलं चालूच! मी ताडकन म्हणालो, "आक्का, तुझं काम झालंय ना? मग दुसऱ्यांची वकिली कशाला?" त्या दिवशी परत निघताना मला सोडायला टेकाच्या टोकापर्यंतसुद्धा आली नाहीस.

पुढं दर दिवाळीला तू कचेरीत यायचीस. लोण्याचा गोळा पानात बांधून टेबलावर ठेवायचीस, आणि पहिला प्रश्न, "नियम बदलला?" मी म्हणायचो, वर लिहिलंय. "वर म्हंजे कुटं? आमच्यापरीस वर कोण ऱ्हातंय?" सगळी कचेरी खो खो हसायची. मी खरंच लिहीत होतो गं. दर वर्षी स्मरणपत्र जायचं, आणि दर वर्षी एकच उत्तर यायचं, 'बाब विचाराधीन आहे.' तुला ते वाचून दाखवलं की म्हणायचीस, "इचार करत्यात, पर इचारत न्हाईत." मी ते पत्र फाईलला लावून टाकायचो. एका वर्षी तर तू येताना दिसलीस आणि मी रेकॉर्डच्या खोलीत जाऊन बसलो. शिपायाला सांगितलं, नाहीत म्हण. तू लोणी ठेवून गेलीस. मी ते घरी नेलं आणि पोळीबरोबर खाल्लं. बेशरमपणा म्हणतात तो हाच.

गेल्या दिवाळीला तू आली नाहीस. मला, खोटं कशाला बोलू, थोडं हायसं वाटलं. म्हटलं, चला, या वर्षी उत्तर द्यायला नको. तू तेव्हा अंथरुणाला खिळली होतीस, हे मला मंगळवारी हिरूकडून कळलं. मी चौकशी करायला पाहिजे होती. एक पोस्टकार्डसुद्धा टाकलं नाही.

हिरू तेवढं सांगून जायला वळली. मी म्हटलं, "थांब. झाडांचं काय?" म्हणाली, "गार्ड म्हणला, आईसंगं संपलं. माजा दादला नेसरीकडचा की." म्हणजे तुझं जे झालं तेच तिचं. तिच्या मामाचा पोरगाही खालचीच बायको करून बसलाय, त्याचं नाव यादीत ठणठणीत आहे, आणि तुझी लेक बाहेर. तिनं तक्रार केली नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. नुसतं विचारलं, "अर्जी लिवायला वकिलाकडं जाऊ?"

मी म्हटलं, नको. बस इथं.

तिला खुर्ची दिली. वाड्यावर कोण कोण राहतं, झाडं कुठली, आईनं कधी दाखवून दिली, सगळं विचारलं आणि ती बोलेल तसं लिहिलं. ती मधून मधून थांबून माझ्याकडं बघायची, मी खरंच लिहितोय का म्हणून. तू शिकवून ठेवलेलं दिसतंय! मग तो जबाब वर ठेवून मी टिप्पणी लिहिली. मामाच्या पोराला एक माप आणि हिला दुसरं, ते केवळ ती बाई आहे म्हणून, आणि हे घटनेत बसत नाही. हे शब्द लिहायला मला सात वर्षं लागली. आता मी अव्वल कारकून आहे, टिप्पणी लिहायचा मला अधिकार आहे, आणि तो गेली तीन वर्षं होता.

नवे साहेब तरुण आहेत, कडक आहेत. त्यांनी फाईल उलटीपालटी केली. "यात मूळ अर्ज कुठं आहे?"

"अर्ज नाही साहेब. चूक आपली आहे. तिच्याकडून अर्ज कसा मागायचा?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी साहेबाला उलट उत्तर दिलेलं कुणी ऐकलं नव्हतं, मीसुद्धा नाही. त्यांनी विचारलं, "पुढं कुणी हरकत घेतली तर?" मी म्हटलं, "तर मी सांगेन साहेब, मी बाईला विचारलंय. समोर बसवून." ते म्हणाले, ठेवा फाईल.

काल साहेबांचा शेरा घेऊन फाईल परत आली. हिरूचं नाव लावावं. बायकांना लागू आणि पुरुषांना नाही असा नियम वरून स्पष्ट खुलासा येईपर्यंत इथं लावू नये, वरिष्ठांना उत्तर मी देईन. आणि खाली आणखी एक ओळ त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलीय. या नियमाखाली ज्या ज्या स्त्रियांची नावं कमी झाली असतील, त्या सर्वांना घरी जाऊन विचारावं. अर्जाची वाट पाहू नये.

आक्का, मी रेकॉर्डच्या खोलीत गेलो. या वेळी लपायला नाही. सगळे जुने तक्ते काढले, धूळ झटकली, एकेक ओळ बघितली. सतरा बायका निघाल्या, तू दाखवलेल्या त्या दोघीही त्यात. मला वाटत होतं, वेगवेगळ्या कारकुनांनी मारलेल्या रेघा असतील. सतराच्या सतरा माझ्या अक्षरात आहेत. त्यांतल्या काही जणी आता नसतील. त्यांच्या लेकी असतील.

सोमवारच्या बसनं निघतोय. आमची मंडळी चुन्याची डबी बांधून देतेय आणि वर बडबडतेय की या वयात डोंगर चढायला काय झालंय तुम्हाला. वरच्या पहिल्या दारात उभा राहून मी त्या बाईला सांगणार आहे, बाई, माझं चुकलं, आता तुमचं सांगा. हे मी साहेबांसमोर कबूल केलं, वकिलांसमोर केलं, घरी बायकोलाही सांगितलं. तुझ्या दारात मात्र त्या फेरीत दोनतीनदा ते ओठांपर्यंत आलं, आणि दरवेळी मी ताक मागितलं. सतरा जणींना सांगायच्या आधी तुला सांगतो. माझं चुकलं, आक्का.